साभार परत : साहित्यिक मेळ्याचा मूळ हेतू कुठे टिकतो?

मराठीत नवे नियतकालिक निघते तेव्हा पहिल्या अंकात एक निवेदन असते आणि त्यात हेतू सांगितलेला असतो. नव्या लेखकांना जागा देणे, वाचकांची अभिरुची वाढवणे, वाङ्मयातले साचलेपण मोडणे. गेल्या शंभर वर्षांतली अशी निवेदने शेजारी शेजारी ठेवून वरची नावे झाकली, तर कोणते निवेदन कोणाचे हे ओळखणे अवघड जाईल. साहित्य मंडळांच्या घटनांचेही तसेच. त्यामुळे एखादा साहित्यिक मेळा आपल्या मूळ हेतूशी प्रामाणिक राहिला की नाही, हे त्याच्या निवेदनावरून ठरवता येत नाही. पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो.

प्रस्तुत लेखात तो पुरावा ‘साभार परत’ या दोन शब्दांत शोधला आहे. एखादे नियतकालिक काय छापते यापेक्षा ते काय परत करते, कोणाला परत करते आणि परत करताना काय सांगते, यातून त्याचा हेतू अधिक स्पष्ट दिसतो. छापण्याला अनेक कारणे असू शकतात: ओळख, भीड, जाहिरात, रिकामी राहिलेली पाने. नाकारण्याला सहसा एकच कारण असते, आणि ते संपादकाला निदान स्वतःपुरते तरी माहीत असावे लागते. मुंबईच्या उपनगरांत आज जे लेखन-वाचनाचे मेळे भरतात त्यांच्याकडे या कसोटीने पाहायचे आहे. पण त्याआधी थोडे मागे जावे लागेल, कारण उपनगरांत आलेले प्रश्न गिरगाव आणि पुण्याहूनच आलेले आहेत.

१. निमंत्रण नाकारणारा लेखक

न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा बोलावली. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे मूळ ते हेच. हेतू अगदी व्यवहारी होता: मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांनी एकत्र यावे आणि ग्रंथप्रसाराला चालना मिळावी. जमलेले लोक मोजकेच होते. दुसरी सभा १८८५ मध्ये भरली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी निमंत्रण नाकारले आणि रानड्यांना पत्र लिहून नकाराची कारणे कळवली. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही आणि जे सर्वांचे मानवी हक्क उघडपणे मान्य करत नाहीत, त्यांच्यात मिसळून आमचा काय लाभ, असा त्या पत्राचा रोख आहे.

या घटनेचा उल्लेख बहुधा सामाजिक इतिहासात होतो. वाङ्मयीन संस्थांच्या इतिहासातही तिला मोठी जागा आहे. इथे परत पाठवले गेले ते लेखन नव्हे, सभेचे निमंत्रण, आणि परत पाठवणारा होता लेखक. ग्रंथप्रसार हा हेतू फुल्यांना अमान्य नव्हता. त्यांनी विचारले ते एवढेच, की कोणाच्या ग्रंथांचा प्रसार? हेतूच्या वाक्यात कर्ता कोण आणि कर्म कोण हे सांगायचे राहून गेले होते, आणि फुल्यांनी नेमके तिथे बोट ठेवले. मराठी साहित्यिक मेळ्यांच्या हेतूवर झालेली ही पहिली गंभीर टीका म्हणावी लागेल.

तो प्रश्न पुढे एकशे चौदा वर्षांनी मुंबईत पुन्हा उभा राहिला. १९९९ मध्ये वसंत बापट यांच्या अध्यक्षतेखाली दादरला साहित्य संमेलन भरले. सरकारी अनुदान घेता आणि वर सरकारवर टीका करता, म्हणून त्या वेळच्या सत्ताधाऱ्यांच्या नेत्याने लेखकांना सुनावले आणि मोठे वादळ उठले. त्याच सुमारास धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते बाबुराव बागूल. दादर आणि धारावी यांत अंतर चालत जाण्याइतके. पण एका मांडवात अनुदानाच्या अटींची चर्चा चालू होती, तर दुसऱ्यात कोणाचे साहित्य या १८८५ च्या प्रश्नाची. मूळ हेतूशी प्रामाणिक राहण्याचा एक मार्ग इथे दिसतो. मांडव ताब्यात घेण्याच्या खटपटीत न पडता वेगळा मांडव घालायचा.

२. गिरगावातली शिस्त

‘सत्यकथा’ १९३३ ते १९८२ अशी सुमारे अर्धशतक चालली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळात तिचा नकार हीच मराठी साहित्यातली एक संस्था झाली होती. लेखकाची कथा परत येई ती अनेकदा पत्रासह. कुठे सूर सुटला, कुठे पात्र लेखकाच्या हातातले बाहुले झाले, शेवट का पटत नाही, हे त्यात असे. लेखक कथा पुन्हा लिहीत आणि पुन्हा पाठवीत. नवकथेच्या पिढीने, आणि पुढे तिच्यापासून दूर गेलेल्या अनेकांनीही, कथेच्या घाटाचे धडे या टपालातून घेतले. नकारातून लेखक घडवण्याचे हे काम मराठीत इतक्या सातत्याने फार थोड्या ठिकाणी झाले.

तरीही १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. या होळीकडे तरुणांचा आततायीपणा म्हणून पाहणे सोपे आहे, आणि प्रस्थापितांविरुद्धचा विजय म्हणून पाहणेही तितकेच सोपे आहे. आपल्या कसोटीने पाहिले तर मुद्दा जरा वेगळा दिसतो. ‘सत्यकथे’चा नकार सकारण होता, पण त्यामागची कारणे एका विशिष्ट अनुभवविश्वातून आलेली होती. सेंद्रियता, अलिप्तता, अनुभवाची शुद्धता हे निकष त्या विश्वात नीट चालत. कामाठीपुऱ्याची, माटुंगा लेबर कॅम्पची किंवा डिलाईल रोडच्या चाळीची भाषा या निकषांपुढे आली की निकषच अपुरे पडत. १९६३ मध्ये बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आले, १९६५ मध्ये भाऊ पाध्यांचे ‘वासूनाका’, १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’. या पुस्तकांनी जे मागितले ते दुरुस्तीच्या सल्ल्याने भागण्यासारखे नव्हते.

म्हणजे हेतूशी प्रामाणिक राहण्याचीही एक किंमत असते. चांगली कथा ओळखणे हा ‘सत्यकथे’चा हेतू होता आणि तो तिने शेवटपर्यंत सोडला नाही. पण चांगली कथा म्हणजे काय हे एकदा ठरले की हेतू हळूहळू सवयीत जमा होतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो नकाराच्या पत्रातून. संपादकाला नवे कारण शोधावे लागत असेल तर हेतू जिवंत आहे. जुनेच कारण नव्या लेखकाला लागू होत असेल तर ती सवय.

३. ‘अनियत’ असण्याचा अर्थ

दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी पन्नाशीच्या दशकात काढलेले ‘शब्द’ चक्रमुद्रित होते. मग अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांच्याशी निगडित ‘वाचा’, सतीश काळसेकर आणि त्यांच्या मित्रांचे ‘फक्त’, राजा ढाले यांचे ‘येरू’. या सगळ्यांना मिळून मराठीत जे नाव पडले ते मोठे बोलके आहे: अनियतकालिक. लघु म्हणण्यात आकार आहे, अनियत म्हणण्यात प्रतिज्ञा आहे. सांगण्यासारखे असेल तेव्हाच अंक निघेल. महिना उलटला म्हणून निघणार नाही.

नियतकालिकाचे हेतूपासून ढळणे बरेचदा वेळापत्रकातून सुरू होते. अंक एक तारखेला निघायचाच असतो. पाने भरायचीच असतात. वर्गणीदाराला उत्तर द्यायचे असते, टपालाची सवलत टिकवायची असते. मग चांगल्या मजकुराची वाट पाहण्याऐवजी आलेल्या मजकुराला चांगले म्हणण्याची सवय लागते. अनियतकालिकांनी या दबावातूनच अंग काढून घेतले. त्यांच्या अल्पायुष्याची आपल्याकडे हळहळ केली जाते. खरे तर त्यांतल्या काहींचे बंद पडणे हे त्यांच्या प्रतिज्ञेशी सुसंगतच होते. जे सांगायचे ते सांगून झाले, किंवा सांगणारे आपापल्या कवितेकडे गेले. अशोक शहाणे यांनी तीच वृत्ती पुढे प्रास प्रकाशनात नेली. १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढणाऱ्या या प्रकाशनाने पुस्तकांची संख्या वाढवण्याचा कधी ध्यास घेतला नाही. मोजकी पुस्तके, पण प्रत्येकाची अक्षरे, आकार, कागद यांचा विचार केलेला. मासिक गेले, हेतू छापखान्यात राहिला.

उलट बाजूचे उदाहरण औरंगाबादचे. गंगाधर पानतावणे यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेले ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक त्यांच्या हयातीत, म्हणजे २०१८ पर्यंत, जवळपास पन्नास वर्षे चालले. इथे हेतूच असा होता की त्याला लांब आयुष्य हवे होते. ज्यांच्या घरात लिहिण्याची पहिलीच पिढी आहे त्यांना एका अंकात लेखक करता येत नाही. त्यासाठी लेखक-वाचक मेळावे हवे होते, पत्रे हवी होती, पुन्हा पुन्हा लिहून घेणे हवे होते. म्हणून बंद पडणे म्हणजे निष्ठा आणि चालू राहणे म्हणजे तडजोड, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. आयुष्य किती असावे हे हेतूनेच ठरवायचे असते. कवितेतली कोंडी फोडायची असेल तर चार वर्षे पुरतात. लेखकांचा एक समाज उभा करायचा असेल तर चाळीसही कमी पडतात.

४. रेल्वेच्या बाजूने सरकलेला वाचक

‘सत्यकथा’ १९८२ मध्ये थांबली. त्याच वर्षी जानेवारीत गिरणी संप सुरू झाला. दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारण संबंध नाही, पण त्यांच्या मागे एकच मोठी हालचाल दिसते. गिरगाव आणि गिरणगाव या मराठी वाचनाच्या आणि मराठी लोककलेच्या दोन राजधान्या रिकाम्या होत होत्या. मराठी कुटुंबे पश्चिम रेल्वेने गोरेगाव, बोरिवली, दहिसर आणि पुढे वसई-विरारकडे गेली. मध्य रेल्वेने घाटकोपर, मुलुंड, ठाणे, डोंबिवलीकडे.

उपनगरे तेव्हा वाङ्मयाच्या दृष्टीने ओसाड नव्हती. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून उभा आहे. मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, गोरेगावचे केशव गोरे स्मारक या संस्था ग्रंथालये, व्याख्याने आणि चर्चा यांनी आपापला परिसर जागता ठेवत आल्या आहेत. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत तर अण्णा भाऊ साठे राहत होते. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करणारा हा लेखक चिरागनगरातून आला होता. उपनगराने मराठी साहित्याला काय दिले, असे विचारताना पार्ल्याच्या व्याख्यानमालांबरोबर चिरागनगरची वस्तीही मोजावी लागते.

नव्वदच्या दशकात हेमंत दिवटे यांच्या ‘अभिधा’ने आणि पुढे ‘अभिधानंतर’ने महानगरी कवितेची नवी पिढी छापली. ती कविता मॉलची, ब्रँडची, लोकलच्या गर्दीची, म्हणजे बऱ्याच अंशी उपनगरी जगण्याची होती. बोरिवलीत येशू पाटील यांनी शब्द पब्लिकेशन उभारले, पुस्तकांचे दालन चालवले, ‘शब्द गप्पा’ भरवल्या आणि ‘मुक्त शब्द’ हे मासिक काढले. पुस्तक विकणे, पुस्तक छापणे, पुस्तकावर बोलणे आणि त्याची समीक्षा छापणे हे सगळे एकाच उपनगरात, घरापासून रिक्षाच्या अंतरावर होऊ शकते, हे या प्रयोगाने दाखवले. समीक्षेला, दीर्घ लेखाला आणि राजकीय-सामाजिक वादाला जागा देणारे मासिक बोरिवलीतून निघावे, ही गोष्ट ‘सत्यकथा’ बंद पडली तेव्हा कोणाला फारशी सुचली नसती.

पण याच उपनगरांत दुसरीही एक गोष्ट वाढली. जवळपास प्रत्येक स्थानकाच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला एक कवी कट्टा आहे. महिन्यातल्या एका रविवारी शाळेच्या वर्गात किंवा ग्रंथालयाच्या सभागृहात तीस-चाळीस कवी जमतात. दोन तासांत सगळ्यांना वाचायचे असते, म्हणून प्रत्येकाला एक कविता. निवेदकाला प्रत्येक कवितेनंतर दाद द्यावी लागते आणि ती सर्वांना सारखीच असते. ज्याची पाळी झाली तो घड्याळ पाहतो, ज्याची व्हायची आहे तो आपला कागद. कवितेवर चर्चा करायला वेळ उरत नाही, आणि कोणी केलीच तर ती औचित्यभंग ठरते. वर्षाअखेरीस प्रातिनिधिक संग्रह निघतो. त्यात कवीने ठरलेली रक्कम भरायची, तितक्या प्रती घ्यायच्या, सन्मानचिन्हासह छायाचित्र काढायचे.

या कट्ट्यांची टवाळी करण्याचा उद्देश नाही. दिवसभर बँकेत, शाळेत किंवा कारखान्यात काम करून लोकलच्या दाराशी उभे राहून घरी येणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा आपले दोन शब्द कोणी ऐकावेत असे वाटते. ही गरज खरी आहे आणि ती भागवणे हे चांगलेच काम आहे. फक्त हे काम कशाचे आहे, ते नीट म्हणावे. हा स्नेहमेळावा आहे. बहुतेक कट्टे सुरू झाले तेव्हा त्यांचा हेतू कविता सुधारणे हा होता; एकमेकांचे ऐकावे, सांगावे, पुन्हा लिहावे. नकार देणे जड जाऊ लागले तसा तो हेतू गळत गेला आणि हजेरी उरली. ज्या मेळ्यात कोणाचीच कविता कधी परत जात नाही, तिथे कवितेचा विषयच निघत नाही.

५. क्रमांकाची किंमत

कट्ट्यावरची ढिलाई निरुपद्रवी आहे. तीच ढिलाई नोकरी आणि बढतीशी जोडली गेली तेव्हा मात्र नुकसान झाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या निवडीसाठी आणि बढतीसाठी गुणांकन आणले. छापलेल्या शोधनिबंधाला गुण मिळू लागले. त्याबरोबर आयएसएसएन क्रमांकाला भलताच मान आला. हा क्रमांक म्हणजे नियतकालिकाची केवळ ओळखखूण. रेल्वेच्या डब्यावर असतो तसा आकडा. डब्यात काय भरले आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. पण महाविद्यालयांतून ‘क्रमांक आहे ना?’ हाच प्रश्न विचारला जाऊ लागला आणि त्याचा परिणाम वाङ्मयीन नियतकालिकांवर झाला. वर्गणीदार मिळवता न आलेल्या अनेकांना लेखकांकडूनच पैसे मिळू लागले. चर्चासत्राच्या निमित्ताने शेकडो पानांचे विशेषांक निघाले. त्यांत एकाच कादंबरीवर दहा लेख, आणि दहांतही कथानकाचा गोषवारा तोच. वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून काढलेले नियतकालिक लेखकाच्या फाईलसाठी निघू लागले. इथे नकाराचा प्रश्नच उरला नाही, कारण पैसे भरणाऱ्याला परत काय पाठवणार?

या बजबजपुरीवर उपाय म्हणून आयोगाने २०१८ च्या अखेरीस ‘यूजीसी-केअर’ची घोषणा केली. निवडक नियतकालिकांची यादी झाली आणि त्या यादीत असणे हीच नवी मिळकत ठरली. मग यादीतल्या नियतकालिकांची नावे आणि क्रमांक चोरून बनावट प्रती उभ्या राहिल्या. ‘मुक्त शब्द’लाही हे भोगावे लागले. मराठी साहित्याच्या या मासिकाच्या नावापुढे ‘जर्नल’ जोडून दुसऱ्याच कोणी व्यवस्थापन, अभियांत्रिकी, वाणिज्य अशा विषयांवरचे इंग्रजी निबंध प्रसिद्ध केले. देशाच्या दुसऱ्या टोकाच्या एखाद्या प्राध्यापकाच्या फाईलीत ‘मुक्त शब्द’ हे नाव आले असेल, पण त्याला ते मराठी मासिक आहे याचा पत्ताही नसेल. पुढे २०२५ मध्ये आयोगाने ही यादीच बंद केली आणि कोणते नियतकालिक चांगले हे ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर सोडली.

या प्रकरणाकडे केवळ फसवणूक म्हणून पाहिले तर त्यातला धडा निसटतो. चोरांनी काय उचलले? नाव आणि क्रमांक. म्हणजे यादीला जे दिसत होते तेवढे सगळे. जे त्यांना उचलता आले नाही, आणि उचलायची गरजही वाटली नाही, ते म्हणजे आलेला लेख वाचणे, त्यातला कच्चा भाग दाखवणे, तो परत करणे, पुन्हा मागवणे. नियतकालिकाचा हेतू राहतो तो याच कामात आणि ते काम कोणत्याही यादीत दिसत नाही. बाहेरच्या मान्यतेवर हेतू टिकवू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेला हे लागू आहे. मान्यता नेहमी दिसणाऱ्या खुणांना मिळते, आणि दिसणाऱ्या खुणांची नक्कल होते.

६. कसोटी

वरच्या उदाहरणांतून तीन गोष्टी हाती लागतात. एक, हेतू कोणासाठी आहे हे सांगितलेले असावे. नाहीतर १८८५ चे पत्र पुन्हा पुन्हा येत राहते. दोन, हेतूप्रमाणे संस्थेचे आयुष्य ठरावे. वेळापत्रक, अनुदान किंवा शिल्लक रक्कम आहे म्हणून चालत राहणे हे कारण होऊ शकत नाही. तीन, संस्थेला नकार देता आला पाहिजे आणि तो सकारण असला पाहिजे. शिवाय ती कारणेच अधूनमधून तपासून घेतली पाहिजेत. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत खर्चिक आहे. तिला पैसा फारसा लागत नाही, वेळ लागतो. एका कथेवर दोन पानी पत्र लिहिणे म्हणजे एका संपादकाची एक संध्याकाळ. मराठीत आज पुस्तके छापण्याची साधने पूर्वी कधी नव्हती इतकी स्वस्त आहेत. महाग झाली आहे ती ही संध्याकाळ.

उपनगरांतल्या मेळ्यांना ती अशक्य नाही. कट्ट्यावर चाळीसऐवजी चार कविता ठेवाव्यात, आधी वाटाव्यात, प्रत्येकीवर अर्धा तास बोलावे आणि पुढच्या महिन्यात त्याच कविता पुन्हा ऐकाव्यात. उरलेले छत्तीस जण श्रोते होतील. काही जण येणार नाहीत. त्यांचे न येणे मंडळाने सोसावे. ग्रंथालयांनी वर्षातून एकदा, आपण कोणते पुस्तक विकत घ्यायचे नाकारले आणि का, हे फलकावर लिहावे. वाद होईल, आणि तो पुस्तकांवरचा वाद असेल.

दिवाळी अंकही या कसोटीतून सुटत नाही. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा मराठीची मोठी मिरास समजली जाते. पण दिवाळी अंकातले बरेचसे लेखन निमंत्रित असते. जूनमध्ये पत्र जाते, ऑगस्टमध्ये लेख येतो. निमंत्रिताला लेख परत कसा पाठवायचा, ही अडचण प्रत्येक संपादकाला ठाऊक आहे, आणि बहुतेक वेळा लेख छापून ती सोडवली जाते. वाचकाच्या हातात तीनशे पाने येतात. त्यांतली किती पाने संपादकाने नाकारण्याची तयारी ठेवून वाचली होती, हा प्रश्न वर्गणीदाराने विचारायला हवा. प्रस्तुत लेखासह.